‘द थ्रिल इज गॉन’ गिटारवर गायचं कसं आणि घरी रेकॉर्ड कसं करायचं

ब्लूज शिकायला घेतलेला माणूस कधी ना कधी ‘द थ्रिल इज गॉन’पाशी येऊन थांबतोच. कॉर्ड चारच आहेत, लय निवांत आहे, बी. बी. किंग ह्या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवाल्याने वाजवलंय त्यात पळापळ अजिबात नाही, त्यामुळे बोटं सगळीकडे पोचतात. आणि तरीही ह्या गाण्याची गिटार कव्हर, म्हणजे दुसऱ्यांनी वाजवलेल्या आवृत्त्या, ऐकायला बसलं की दुसऱ्या मिनिटाला लक्ष उडतं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगचंही तेच झालं होतं. सूर बरोबर, ताल बरोबर, टोनही बरा, पण गाणं कुठेच नव्हतं, नुसती लिकमागून लिक, म्हणजे पाठ केलेल्या छोट्या छोट्या सुरावटी. बऱ्याच महिन्यांनी लक्षात आलं की मी वाजवणाऱ्या किंगच्या मागे लागलो होतो आणि गाणाऱ्या किंगला सोडूनच दिलं होतं. इन्स्ट्रुमेंटल करायचं म्हणजे गायक गेला, मग त्याची जागा कोणीतरी घ्यायला लागते ना, आणि तिथे गिटारशिवाय दुसरं कोणी नाहीये. खाली सगळं ह्याच हिशोबाने सांगतोय, मशिनरी आणि सेटिंग्ज पण सांगतो पण ती नंतर.

आधी गाण्याबद्दल थोडं, कारण त्याचा उपयोग होतो. हे गाणं मुळात किंगचं नाहीच. रॉय हॉकिन्स नावाच्या वेस्ट कोस्टच्या ब्लूज गायकाने १९५१ मध्ये ते रेकॉर्ड केलं, लिहिलं त्याने आणि रिक डार्नेलने मिळून. किंगने ते १९६९ मध्ये न्यूयॉर्कला ‘कम्प्लीटली वेल’ ह्या अल्बमसाठी केलं, बिल शिमझिक प्रोड्यूसर होता, आणि त्यावर नंतर व्हायोलिन वगैरे स्ट्रिंग्ज चढवल्या, त्या बर्ट डीकोटोने बांधल्या. १९७० मध्ये ते अमेरिकेच्या पॉप चार्टवर १५ व्या नंबरापर्यंत गेलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे आपण ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतो तेच एक कव्हर आहे, अठरा वर्षं जुन्या गाण्याचं, आणि त्या माणसाने ते स्वतःच्या अंगाने पूर्ण बदलून टाकलं. त्यामुळे तुम्ही त्याचा सोलो सुरासूर उतरवून वाजवला तर अभ्यास म्हणून उत्तमच, जरूर करा, पण कव्हर म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

आता मुख्य मुद्दा. किंग गाताना वाजवत नाही. एक ओळ गातो, थांबतो, मग गिटार उत्तर देते, मग पुढची ओळ. हेडफोन लावून नीट ऐका, दोन्ही एकमेकांच्या अंगावर जवळजवळ कधीच येत नाहीत. आपल्याकडे भजनात बुवा ओळ टाकतात आणि मागचे झीलकरी ती उचलतात, तोच प्रकार. ब्लूजमध्ये हे शेतावरच्या कामाच्या गाण्यांतून आणि चर्चमधून आलं, आपल्याकडे वेगळ्या वाटेने आलं, पण कानाला ओळखीचं वाटतं ते ह्यामुळे. किंग आपल्या प्रत्येक गिटारला ‘ल्युसील’ म्हणायचा, १९४९ मध्ये आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावात नाचाच्या हॉलला आग लागली, ती ज्या दोघांच्या मारामारीतून लागली ते ल्युसील नावाच्या बाईवरून भांडत होते, आणि किंग गिटार आणायला परत आगीत शिरला, तेव्हापासूनचं ते नाव. तर गाण्यात दोन पात्रं आहेत, एक तो आणि एक ल्युसील. तुमच्या कव्हरमध्ये एकाच गिटारला दोन्ही पात्रं करायची आहेत, बुवा पण तीच आणि झील पण तीच. हे एकदा डोक्यात बसलं की टोन, पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं), रिव्हर्ब (खोलीसारखी घुमारी), कुठला टेक (एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग) ठेवायचा, सगळे निर्णय आपोआप सोपे होतात.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस गिटारला हातच लावू नका. गाणं लावा, शब्द सोडून द्या आणि नुसत्या आकारात ओळी म्हणा. फोनवर रेकॉर्ड करा, कोणाला ऐकवायचं नाहीये. गाणं बी मायनरमध्ये आहे, म्हणजे पेटीवर पांढरी सातचा सा, वर जमत नसेल तर खालच्या सप्तकात म्हणा. म्हणताना एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा, ती म्हणजे श्वास कुठे घेतला. सूर नाही लिहिलेत तरी चालेल पण श्वासाच्या जागा लिहा. गिटारला श्वास लागत नाही ना, म्हणून आपण सलग वाजवत सुटतो आणि ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. विलायत खाँसाहेबांच्या सतारीबद्दल गायकी अंग हा शब्द आपण ऐकलेला असतो, ते इथे करायचंय, आपल्या ऐपतीप्रमाणे.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी अजून एक सोय आहे. ब्लूजच्या सोलोत लागणारी पाच सुरांची मायनर पेंटाटॉनिक स्केल म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचे सूर तेच, भीमपलासाचा आरोह पण तोच. मी असं म्हणत नाहीये की ब्लूज म्हणजे धानी, चलन संपूर्ण वेगळं आहे, पण कोमल ग वर थोडं रेंगाळणं आणि मीडेने म वरून प ला जाणं हे तुमच्या कानात लहानपणापासून असेल तर ते वापरा की. किंगचा बुक्का व्हाइट नावाचा एक नातेवाईक स्लाइड गिटार वाजवायचा, तो स्लाइडचा आवाज किंगला हवा होता आणि स्लाइड काही हाताला जमेना, त्या धडपडीतून त्याची ती प्रसिद्ध व्हायब्रॅटो आली. म्हणजे मीड हवी होती म्हणून बोट हलवायला लागला.

आता बोटांकडे. बारा बारचं (एक बार म्हणजे चार ठोके) आवर्तन असं आहे: पहिले चार बार बी मायनर सेव्हन, मग दोन बार ई मायनर सेव्हन, परत दोन बार बी मायनर सेव्हन, नववा बार जी मेजर सेव्हन, दहावा एफ शार्प सेव्हन, आणि शेवटचे दोन परत घरी बी मायनर सेव्हन. पहिली ओळ पहिल्या चार बारमध्ये, पण गायन साधारण दोन बार आणि उरलेल्या दोनमध्ये उत्तर. दुसरी ओळ पाच ते आठमध्ये, तिसरी नऊ ते बारामध्ये. हा हिशोब कागदावर बारा चौकोन काढून भरा, बुवाला एक रंग, झीलला दुसरा, आणि काही चौकोन मुद्दाम कोरे ठेवा.

गायनाच्या ओळींसाठी मला सातव्या फ्रेटचा बॉक्स, म्हणजे तिथे हाताखाली येणाऱ्या सुरांचा चौकोन, बरा वाटतो. जी तारेवर नवव्या फ्रेटचा ई पूर्ण सूर ओढला की एफ शार्प, म्हणजे म वरून प, ह्या गाण्यात हा बेंड सोन्यासारखा आहे. बी तारेवर दहाव्या फ्रेटचा ए ओढला की वरचा सा. झीलसाठी वर सरका, बी तारेवर बाराव्या फ्रेटला सा येतो, त्याच्या आजूबाजूचे चार-पाच सूर म्हणजेच लोक ज्याला बी. बी. बॉक्स म्हणतात ते. खाली गायन वर उत्तर, असं ठेवलं की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की दोन जण बोलतायत.

दोन जागा सोडू नका. पाचव्या बारमध्ये ई मायनर आला की जी सुराला एकदा तरी हात लावा, तो पेंटाटॉनिकमध्ये नाही पण त्या कॉर्डचा आहे, आणि तो आला की कॉर्ड बदलल्याचं नुसत्या लीडवरूनही (मुख्य सुरावट वाजवणाऱ्या गिटारवरूनही) ऐकू येतं. दुसरी जागा दहावा बार. तिथे एफ शार्प सेव्हन आहे आणि त्याच्या पोटात ए शार्प आहे, म्हणजे शुद्ध नी. बाकी गाणंभर कोमल नी आणि ह्या एका बारमध्ये शुद्ध नी घेऊन सा वर उतरायचं, हाय ई तारेवर सहावा फ्रेट मग सातवा. इतकी छोटी गोष्ट आहे पण ह्या एका सुराने कव्हर गाण्यासारखं ऐकू येतं. ह्या जागेवर कोमल नी वर बेंड धरून बसलं की मागच्या कॉर्डशी भांडण होतं, आणि हे फार जणांकडून होतं कारण बॉक्स पाठ असतो आणि कान बंद असतात.

बेंडचं रियाज म्हणून एवढंच करा, आधी पोचायचा सूर फ्रेटवर वाजवून कानात घ्या, मग ओढून तिथे जा, आणि ट्यूनर समोर ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात आधी उघडं पडतं ते अर्धवट ओढलेलं बेंड. व्हायब्रॅटोसाठी अंगठा मानेवरून सैल सोडा आणि मनगटातून फिरवा, बोट नुसतं टेकलेलं, किल्ली फिरवल्यासारखं. रोज दहा मिनिटं मेट्रोनोमवर, एका ठोक्याला दोन हेलकावे, मग तीन, मग चार. सूर लागला की लगेच हलवू नका, क्षणभर सरळ धरा मग हलवा, गवई तसंच करतो.

तारा १० नंबरच्या घ्या, किंगच्या नावाचा सेट पण १० पासून ५४ पर्यंतचा आहे. आणि नव्या टाका, रेकॉर्डिंगच्या एक दिवस आधी, ताणून बसवून. पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा मुंबईत दोन आठवड्यांत तारा काळ्या पडतात आणि मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा) पण जातं, ते बाराव्या फ्रेटला ट्यूनरवर तपासून घ्या.

बॅकिंग ट्रॅक

तयार बॅकिंग ट्रॅक ढिगाने मिळतात पण मी स्वतः बनवा म्हणेन. एक तर तो ज्याने बनवलाय त्याचे त्याच्यावर हक्क असतात. आणि दुसरं म्हणजे तयार ट्रॅकमध्ये तुमच्या श्वासासाठी जागा ठेवलेली नसते, तो आपला वाजतच राहतो.

टेम्पो ९० च्या आसपास ठेवा. ९० ला एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे बारा बारचं एक आवर्तन ३२ सेकंदांचं. सात आवर्तनं केली की ३ मिनिटं ४४ सेकंद, कव्हरला तेवढं पुरे, मूळ रेकॉर्डिंग पाच मिनिटांच्या वर आहे पण त्यात गायन आहे आणि शेवटचा लांबलचक स्ट्रिंग्जवाला भाग आहे. मी अशी वाटणी करतो: पहिलं आवर्तन ल्युसीलचं, म्हणजे ओळख. दोन आणि तीन गायन आणि झील. चार आणि पाच मोकळा सोलो. सहावं परत गायन पण आवाज खाली आणून, जवळजवळ कुजबुजत. सातवं हळूहळू सोडत न्यायचं.

ड्रम्सबद्दल एक ठळक गोष्ट. ब्लूज म्हटलं की हात सवयीने शफल, म्हणजे झोके खात चालणारा ठेका, लावतो, आणि हे गाणं शफल नाहीये. ह्यात हाय-हॅटचे आठ सरळ ठोके आहेत, स्नेअर दोन आणि चारवर. शफल लावलात की गाणं दुसरंच होतं, बारमधलं आनंदी काहीतरी. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर किंवा गॅरेजबँड काहीही वापरा, रीपर ६० दिवस ट्रायलवर चालतं, ड्रमसाठी एमटी पॉवर ड्रम किट फुकट आहे आणि ह्या कामाला भरपूर आहे. मिडी (कॉम्प्युटरने वाजवायचे) ठोके टाकल्यावर सगळे एकाच जोराचे ठेवू नका, हाय-हॅटचे मधले ठोके हलके करा, आणि शंभर टक्के क्वांटाइझ करू नका, म्हणजे ठोके तालाच्या रेषांवर तंतोतंत बसवू नका, ८०-८५ वर सोडा.

बेस फार महत्त्वाचा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये जेरी जेमॉट आहे आणि अर्धं गाणं त्याच्या खांद्यावर उभं आहे. कोणी बेस वाजवणारा मित्र असेल तर त्याला चहा-पोह्यांवर बोलवा, मिडीपेक्षा जिवंत हात केव्हाही बरा. नसेल तर बेस ड्रमच्या किकशी बांधा, पहिल्या ठोक्यावर ठाम, मग मधे जागा सोडून. कॉर्डसाठी इलेक्ट्रिक पियानोचा आवाज, रोड्ससारखा, लांब धरलेला. ऱ्हिदम गिटार वरच्या तीन तारांवर, छोटीशी, स्नेअरबरोबर टिचकी मारल्यासारखी. स्ट्रिंग्ज लगेच आणायच्या नाहीत, तिसऱ्या आवर्तनापासून हलक्या, पाचव्यात भरून, सहाव्यात गायब, सातव्यात परत.

आणि बॅकिंग झाल्यावर दोन गोष्टी त्यातून काढून टाका. कुठल्या ते तुम्हाला ऐकल्यावर कळेल, पण काढाच, लीड आल्यावर त्यांची उणीव जाणवत नाही.

रेकॉर्डिंग

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा, कुठलाही साधा दोन इनपुटवाला चालेल. गिटार लावली की ‘इन्स्ट’चं बटण दाबा, काही मॉडेलवर त्याला हाय-झी म्हणतात, ते विसरलं की टोन मेल्यासारखा येतो आणि माणूस तासभर प्लगिन बदलत बसतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कारण पुढे व्हिडिओला लावायचंय. सगळ्यात जोरात वाजवाल तेवढं जोरात वाजवून लेव्हल लावा आणि शिखर उणे १२ ते उणे ८ डीबीच्या मधे येऊ द्या, लाल दिवा कधीच नको, आणि २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही. बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो तो आकार) १२८ सॅम्पलवर, म्हणजे एका बाजूला साधारण पावणेतीन मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट आणि थोडा वर, हाताला जाणवत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका.

हमचा त्रास आपल्याकडे फार. लाइट ५० हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइल पिकअप असतील तर गुणगुण येणारच. पंख्याचा रेग्युलेटर बंद करा, ट्यूबलाइट बंद करा, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, फोन खोलीबाहेर ठेवा. मग खुर्चीवर बसून गिटारसकट हळूहळू गोल फिरा, एका दिशेला गुणगुण एकदम कमी होते, तिथे खुर्ची ठेवा आणि जमिनीला चिकटपट्टीने खूण करा, दुसऱ्या दिवशी लागते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारमधली अर्थची वायर ठीक आहे, शिल्डिंग कमी पडतंय. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंग मागे जोडलेलंच नसतं, ते वायरमन बोलवून तपासून घ्या, आणि हम जावी म्हणून प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

टोन स्वच्छ हवा, कडेला किंचित खरखर. हळू वाजवलं की पूर्ण क्लीन आणि जोरात मारलं की थोडं फाटलं पाहिजे, गेन त्या टोकावर आणून सोडा. किंग पुढे बरीच वर्षं लॅब सिरीजचा एल-५ नावाचा ट्रान्झिस्टरवाला ॲम्प वापरायचा, म्हणजे ट्यूब ॲम्प नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फेंडरसारख्या क्लीन ॲम्पचं एखादं कॅप्चर (त्या ॲम्पची तयार नक्कल), पुढे कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल), झालं. फक्त एक करा, ॲम्पशिवायचा कोरा डीआय सिग्नल रेकॉर्ड होतोय ना ते बघा, म्हणजे टोन उद्या बदलता येतो.

खरा ॲम्प आणि माइक वापरणार असाल तर एसएम ५७ माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन-तीन बोटं. आणि मग घरच्यांशी बोलून वेळ ठरवा, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, कावळे, सगळं माइकमध्ये येतं. मी दुपारी दोन ते चार धरतो, सगळी सोसायटी जेवून आडवी झालेली असते.

बुवा आणि झील वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. बुवासाठी नेक पिकअप, टोनची कळ सहा-सातवर, पिक तारेच्या मधल्या भागावर, किंवा पिक टाकून अंगठ्याने. झीलसाठी मधला किंवा ब्रिज पिकअप, टोन पूर्ण उघडी, पिक जरा ब्रिजकडे. एकाच बैठकीत आलटून पालटून वाजवायचं नाही. आधी सगळं गायन करा, दोन दिवस जाऊ द्या, मग हेडफोनमध्ये ते गायन ऐकत ऐकत उत्तर द्या, आधी ठरवलेलं बाजूला ठेवून, जे ऐकलं त्याला. माझा अनुभव असा की ठरवून बसवलेली उत्तरं नेहमी लांब होतात, ऐकून दिलेली छोटी येतात आणि कधी कधी एकच सूर येतो, तोच ठेवावा.

टेकची संख्या मर्यादित ठेवा. एका आवर्तनाचे पाच टेक, प्रत्येकाच्या आधी ट्यूनिंग, पाचानंतर थांबा. मग निवडताना ओळ पूर्ण घ्या, श्वासापासून श्वासापर्यंत. एकेक सूर कापून जोडत बसलात तर चूक निघते आणि ओळीचा ओघही निघून जातो. बोट सरकल्याचा आवाज, तार घासल्याचा आवाज राहू द्या. ठोक्याच्या किंचित मागे वाजलेलं पण ग्रिडवर ओढून आणू नका, ह्या गाण्यात गवई मागेच चालतो. पुढे गेलेलं मात्र परत वाजवा, घाई झालेली लगेच कळते.

आवाजाच्या चढउताराबद्दल. २०११ पासून मुंबईला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरायला लागला, पहिल्याच वर्षी बडी गाय आला होता. तो माणूस भर स्टेजवर आवाज इतका खाली आणतो की हॉलमधल्या लोकांना पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि मग एक सूर असा फेकतो की अंगावर काटा येतो. सहाव्या आवर्तनात ते करून बघा. गिटारचा व्हॉल्यूम चारवर, अंगठ्याने, बॅकिंगमध्ये फक्त बेस आणि हाय-हॅट.

मिक्स

इथे पटकन सांगतो कारण रेकॉर्डिंग नीट झालं असेल तर मिक्स फार उरत नाही. लीडला ९० हर्ट्झच्या खाली कापा, २५० ते ३०० च्या आसपास फुगलंय वाटलं तर दोन डीबी कमी करा, ३ किलोहर्ट्झला टोचत असेल तर तिथे पण थोडं. पियानो आणि लीड एकमेकांच्या पायात येत असतील तर लीडला हात लावू नका, पियानोतून काढा. बुवा मधोमध, झील उजवीकडे १५-२० टक्के. रिव्हर्ब प्लेट, वेगळ्या बसवर (इफेक्टच्या स्वतंत्र ट्रॅकवर), प्री-डिले (घुमारी सुरू होण्याआधीचा उशीर) २५ मिलिसेकंद, रिव्हर्बच्या खालचं २०० पर्यंत आणि वरचं ५ किलोहर्ट्झच्या पुढचं कापलेलं. बुवाला कमी, झीलला जास्त, म्हणजे एक जण जवळ बसलाय आणि दुसरा जरा मागे. कॉम्प्रेसर अगदी हलका, बाकी आवाज वर-खाली हाताने ऑटोमेशन करून (सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूमची रेघ आखून) आणा, ओळीओळीला, वेळ लागतो पण तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये जे चढउतार कमावलेत ते टिकतात.

मास्टरला, म्हणजे तयार मिक्सला, सरासरी मोठेपणा उणे १४ एलयूएफएसच्या जवळ आणि ट्रू पीक (सगळ्यात उंच टोक) उणे १ डीबी. यूट्यूब त्यापेक्षा मोठं आलं तर खाली आणतं, त्यामुळे लिमिटरने चिरडून काही मिळत नाही. मग एकदा मोनोमध्ये ऐका, एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा गाडीत, आणि एकदा शेजारच्या खोलीतून दार अर्धं लावून. शेवटची चाचणी मला सगळ्यात खरी वाटते, तिथून फक्त गाणं ऐकू येतं, टोन वगैरे काही ऐकू येत नाही.

व्हिडिओ करणार असाल तर फोन २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली त्यामुळे फडफड दिसत नाही. सुरुवातीला एक टाळी वाजवा, आवाज आणि चित्र जुळवायला सोपं जातं.

हक्कांचं पण बघून घ्या. १९५१ चं गाणं आहे, कॉपीराइट चालू आहे, आणि शब्द नाहीत म्हणून सुटका होत नाही, चालीवर पण हक्क असतो. बारा बारची कॉर्डची साखळी कोणाच्या मालकीची नाही पण ती चाल आहे. यूट्यूबवर टाकल्यावर कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम येऊ शकतो, घाबरू नका, क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवर पडणारा ठपका) नाही, बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. गाणं खरंच त्यांचं आहे तेव्हा त्या क्लेमवर वाद घालू नका. स्पॉटिफाय वगैरेवर टाकायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड करताना ते कव्हर आहे असं स्पष्ट निवडा आणि कव्हरचं लायसन्स घ्या. किंगच्या रेकॉर्डिंगमधला एकही तुकडा, अगदी शेवटच्या स्ट्रिंग्जचा सुद्धा, आपल्या ट्रॅकमध्ये वापरू नका, तो हक्क वेगळा आणि तो मिळवणं आपल्या आवाक्यातलं नाही.

आणि खाली वर्णनात रॉय हॉकिन्स आणि रिक डार्नेल ही दोन नावं लिहा. किंगचं नाव सगळेच लिहितात.